पिशवीतली साल

कॅन्सरच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन कोणी माझ्या काउंटरशी आलं, की गोळ्या काढण्याआधी मी विचारतो, "याच्या जोडीला आणखी काय चालू आहे?" उत्तर ठरलेलं असतं. "काहीच नाही, भाऊ." मग मी स्टूल पुढे सरकवतो, पाणी देतो, घरचं विचारतो, पावसाचं विचारतो, यंदा आमचूर किती निघालं ते विचारतो. पिशवीचं तोंड उघडायला एवढा वेळ लागतोच.

माझं मेडिकल शहाद्याला आहे. सातपुड्यातून खाली उतरणाऱ्याला शहादा नाहीतर तळोदा हीच पहिली मोठी बाजारपेठ. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या अंगानं आलेला पेशंट इथे थांबतो, मग नंदुरबारला जातो आणि तिथून सुरत, धुळे, नाशिक, फारच अवघड असेल तर परळला टाटात. नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तरी केमो-रेडिएशनसाठी बहुतेकांना जिल्ह्याबाहेरच जावं लागतं. गाठ हाताला लागल्यापासून केमोची पहिली सलाइन लागेपर्यंत महिने जातात. तेवढ्या काळात मामा, शेजारीण, गावचा बडवा (म्हणजे भगत), बाजाराच्या दिवशी चादर अंथरून बसणारा चूर्णवाला आणि पोराच्या मोबाइलवरचे व्हिडिओ हे सगळे कॅन्सरच्या डॉक्टरच्या आधी पोचलेले असतात. म्हणून 'काही घेता का' असं मी विचारतच नाही. 'काय घेता' असं विचारतो.

या विषयावर लिहायचं कारण अशीच एक पिशवी. धडगावकडची चाळिशीतली पावरा बाई, सोबत दीर. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, सलाइनी झालेल्या, आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू होत्या. ती आली होती जुलाबाची गोळी मागायला. तळहात लालबुंद, बोटांच्या पेरांवरची साल निघत होती. कॅपेसिटाबिनमध्ये हात-पाय असे सोलतात, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. पण दिवसाकाठी आठ-दहा जुलाब आणि तोंडात फोड, पाणी गिळायची पंचाईत. मी वर्तमानपत्र पसरलं आणि म्हटलं, सगळं यावर ठेवा.

निघालं ते असं : सुतळीनं बांधलेल्या झाडाच्या सालीचे तुकडे. गुळवेलीच्या कांड्या. 'लक्ष्मणफळ रस' लिहिलेली, अर्धी संपलेली बाटली. कागदाच्या पुडीत राखाडी भुकटी, नाव-गाव काही नाही. कोरफडीचं पान, कारण केमो 'गरम पडते' आणि कोरफड थंड. आणि एका गोळ्यांच्या पाकिटात बारीक पिवळ्या गोळ्या. त्या कुठल्या, विचारलं तर दीर म्हणाला, "त्या सरकारी आहेत. पोराच्या. रक्ताच्या." तिच्या मुलाला सिकलसेल आहे. आमच्या जिल्ह्यात या आजाराची माणसं पुष्कळ, आणि त्यांना रोज फोलिक ॲसिड घ्यायचं असतं. रक्त वाढवणारी गोळी पोराला चालते, मग आईचंही रक्त कमी झालंय म्हणून आईनं सुरू केली. यात वेडेपणा काहीच नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

आता गंमत बघा. माझी नजर आधी सालीवर आणि भुकटीवर गेली. कुणाचीही जाईल. पण त्या कागदावर कॅपेसिटाबिनशी थेट वैर असलेलं एकच औषध होतं, ती पिवळी गोळी. कॅपेसिटाबिन शरीरात जाऊन फ्लुरोयुरासिल नावाचं औषध तयार करतं. फोलेट जादा असलं की त्याचा घाव जास्त खोल बसतो, गाठीवरही आणि आतड्याच्या नाजूक अस्तरावरही. जुलाब आणि तोंडाचे फोड वाढतात. तिचे जुलाब त्या गोळीमुळेच झाले, असं छातीठोक सांगता येणार नाही. कॅपेसिटाबिन एकटंही तेवढं करतं, आणि कोरफडीचा गर तर पोट सोडणाराच. पण फाइलवर वॉर्डाचा नंबर होता, मी तिच्यासमोरच फोन लावला. तिकडच्या डॉक्टरांनी कॅपेसिटाबिन लगेच थांबवायला सांगितलं, बाकी सगळंही बंद, आणि दुसऱ्या दिवशी तपासायला घेऊन या म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "फोलिक ॲसिडचं आम्हाला का नाही सांगितलं?" मी दिराकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं, जडीबुटी घेता का. ही कुठे जडीबुटी आहे?"

माणसं खोटं बोलत नाहीत. जे विचारलं त्याचंच उत्तर देतात.

पुढे ती बरी झाली, डोस कमी करून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण ती साल माझ्या डोक्यातून गेली नाही, कारण तिच्या फाइलमध्ये आधीच्या सलाइनींची नोंद होती : पॅक्लिटॅक्सेल. तेही झाडाच्या सालीतूनच आलेलं औषध. आणि ते जगाला देणाऱ्या दोघांपैकी एक जण नंदुरबारचा.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर काम केलं. तेव्हा अमेरिकन सरकारनं जगभरातल्या झाडाझुडपांत कॅन्सरवरचं औषध शोधायची मोहीमच काढली होती. पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल या दोघांकडे आली. १२ किलो सालीतून हाती लागलं अर्धा ग्रॅम द्रव्य. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि नाव दिलं टॅक्सॉल, म्हणजेच आजचं पॅक्लिटॅक्सेल. रुग्णांसाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली १९९२ मध्ये. मधली एकवीस वर्षं कशात गेली, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. टॅक्सॉल पाण्यात विरघळतच नाही. साल कितीही उकळा, काढ्यात ते नावापुरतंच उतरणार. शेवटी एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलात ते विरघळवलं, तर त्या द्रावकाचीच काहींना ॲलर्जी येऊ लागली. म्हणून आज पॅक्लिटॅक्सेलची बाटली लावण्याआधी नर्स स्टेरॉइडचं आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देते. त्या बाईलाही दिलं असणार.

वाणी आणि वॉल यांचं दुसरं औषध याहून बोलकं आहे. एका चिनी झाडातून त्यांनी कॅम्प्टोथेसिन शोधलं आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे. नरक्याला घाण वास येतो, पण त्यात हे सापडल्यापासून खोडांची चोरटी तोड सुरू झाली, ती अजून वनखात्याची डोकेदुखी आहे. तर कॅम्प्टोथेसिन गाठीवर चाललं, पण माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, जुलाब थांबेनात, आणि १९७० च्या दशकात चाचण्या बंद कराव्या लागल्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार केले, त्यातून इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधं झाली आणि १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तीस वर्षं. वाणी २०२० मध्ये वारले. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे भाव तोंडपाठ असणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून कोणी म्हणालं, 'झाडाच्या सालीत कुठे औषध असतं का', तर मी त्याला वाणींचं नाव सांगतो. आणि कोणी म्हणालं, 'झाडपाला आहे, अपाय थोडाच करणार', तरी वाणींचंच नाव सांगतो. सालीत गाठ मारायची ताकद असेल तर माणूस मारायचीही असते. किती घ्यायची, कशात घ्यायची, कुणाला द्यायची नाही, हे ठरण्यात त्या तीस वर्षांची मेहनत आहे.

सदाफुलीचंच घ्या. खानदेशात साखर वाढलेली पुष्कळ माणसं सकाळी उठून सदाफुलीची फुलं-पानं चावतात. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५० च्या दशकात याच झाडाची पानं मधुमेहासाठी तपासायला घेतली होती, जमैकात तसा वापर होता म्हणून. उंदरांची साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी. तिथून व्हिनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन, आणि ब्लड कॅन्सरच्या लहान मुलांना आजही ते देतात. आता केमोनं ज्याच्या पांढऱ्या पेशी आधीच तळाला गेल्यात, त्यानं साखरेसाठी सदाफुली चावावी का? पानात द्रव्य अगदी थोडं असतं, हे खरं. पण कुठल्या झाडात किती, हे चावणाऱ्याला कळत नाही आणि मलाही नाही.

गुळवेलीनं तर करोनाच्या काळात बाजार मांडला. माझ्याच दुकानातून खोकीच्या खोकी गेली. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ होऊन सहा जण आले, सगळे गुळवेल घेणारे. त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, पुढे देशभरातून आणखी रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला. वादाचा निकाल लावणारा मी कोण? मी एवढंच बघतो की केमोची बरीचशी औषधं यकृतातूनच निकामी होऊन बाहेर पडतात. त्या यकृतावर दुसरं काही बसलं, तर केमो अंगात जास्त वेळ राहते किंवा रक्त तपासून डॉक्टर पुढची सलाइन पुढे ढकलतात. दोन्हीत नुकसान पेशंटचंच.

हळदीबद्दल रोज विचारतात. भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद घ्या, बिनधास्त घ्या. कॅप्सूलमधली हळद ही वेगळी वस्तू आहे. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं आत शिरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं तर ते कितीतरी पटींनी रक्तात जातं. तेव्हापासून कंपन्या दोन्ही एकत्र भरतात. पण पायपरिन जे दार कर्क्युमिनला उघडून देतं, ते दुसऱ्या औषधांनाही उघडू शकतं, आणि अशा कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लक्ष्मणफळाचा रस कॅन्सर बरा करतो, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. उलट कॅरिबियन बेटांवर ग्वाडलूपमध्ये हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा भरपूर घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार दिसल्याचं १९९९ मध्ये नोंदलं गेलं. एखादं फळ खाल्लं तर काही होत नाही. दीड हजाराच्या बाटल्या महिनोन् महिने रिचवणं ही गोष्ट निराळी.

राहिली ती राखाडी पुडी. ती पुडी मला सगळ्यात नकोशी वाटते. बिननावाच्या भस्मात शिसं, पारा, आर्सेनिक असू शकतं. बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्यांतल्या १४ मध्ये हे धातू निघाले. तो अहवाल २००४ चा आहे. दुसरा धोका स्टेरॉइडचा. अशा पुड्यांत कुटून घातलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे. भूक लागते, दुखणं कमी होतं, चेहरा भरतो, आणि पेशंट म्हणतो की गुण आला. केमोच्या पेशंटला यात आणखी एक फास आहे : स्टेरॉइड ताप दाबून टाकतं.

तापाबद्दल मी जरा थांबून सांगतो, कारण इथे माणसं दगावतात. सलाइननंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत अंगात ताप १००.४ फॅरनहाइटला गेला, की गोळी देऊन झोपवायचं नाही, काढा नाही, अंगारा नाही, सकाळची वाट नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा आणि आत शिरताच सांगायचं, केमो चालू आहे. दुर्गम पाड्यावर हे बोलायला सोपं आहे, मला माहीत आहे. म्हणून केमोच्या प्रत्येक घरी मी थर्मामीटर देतोच, आणि तो वाचायला घरातल्या शाळकरी पोराला शिकवतो. याच दिवसांत कच्चे रस नकोत. गव्हांकुर, कच्च्या पालेभाजीचा रस, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र, काहीही नको. निरोग्याला पचणारे जंतू केमोच्या पेशंटला पचत नाहीत.

पोटातलं झालं. कातडीवरचंही कमी नाही. आमच्या भागात गाठीवर डाग देतात, तापलेल्या सळईनं. कुणी बिब्ब्याचं तेल लावतं. बिब्ब्यानं कातडी उतते, फोड येतात, त्यात पू होतो. मग सर्जन म्हणतो आधी हे भरू दे, आणि गाठ कुणासाठी थांबत नाही. डाग देणाऱ्याकडे माणसं का जातात, तेही सांगतो. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती अजून गेलेली नाही. बायोप्सीला नाही म्हणणारा माणूस डागाला हो म्हणतो, कारण डाग ओळखीचा माणूस देतो.

पण बडव्याला सरसकट झोडपणाऱ्यांत मी नाही. एका साली होळीच्या आधी एक जण दुकानात आला. जबड्याच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून पंधरवडा झालेला, तंबाखू सुटलेली, मानेची कातडी काळी पडून जागोजागी उललेली. त्याची मानता होती, म्हणजे नवस, होळीला बुध्या व्हायची. ज्यांनी काठी गावची किंवा मोलगीकडची होळी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे : बुध्या अंगभर राख फासतो, त्यावर पांढरे ठिपके काढतो, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधतो आणि रात्रभर नाचतो. त्याआधी काही दिवस पाळणी असते, म्हणजे जमिनीवर झोपणं, घरच्यांशी शिवाशिव नाही, खाण्यापिण्यावर बंधन. त्याची भूक आधीच मेलेली, वजन उतरलेलं. बायको म्हणत होती जाऊ नका. तो म्हणत होता, मानता मोडली तर गाठ परत येईल. आता याला विज्ञान शिकवून काय होणार होतं?

मी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी बुध्या म्हणजे काय ते विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि सांगितलं : मानेला आणि गालाला राख लागता कामा नये, चुना तर मुळीच नको, उपास नको, दारू नको, बाकी नाचला तर माझी हरकत नाही. पुढचं काम गावच्या बडव्यानं केलं. आजारी माणसाची पाळणी दूध-भाकरी खाऊन चालते, आणि मान झाकून राख लावली तरी देवाला पोचते, असा निवाडा त्यानं दिला. डॉक्टरांचं आणि माझं म्हणणं मिळून त्या माणसाला जे पटलं नसतं, ते बडव्याच्या एका वाक्यात पटलं. तो थोडा वेळ नाचला, दमला आणि बसला.

तेव्हापासून मी घरच्यांना साधा हिशेब सांगतो. मंत्र, धागा, नारळ, कोंबडा, देवळात जाणं, यातलं काहीही करा. पोटात काही जाणार असेल, कातडीला काही लागणार असेल किंवा दवाखान्याची तारीख चुकणार असेल, तर आधी विचारा. मोहाच्या दारूची धार देवाला द्या, पेशंटच्या ओठाला नको. उपास घरातल्या दुसऱ्या कुणी धरावा.

आणि ज्याचा उपयोग होतो, तेही सांगायला हवं, नाहीतर आमचं बोलणं म्हणजे नुसता नन्नाचा पाढा. केमोच्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो का, यावर अमेरिकेत ५७६ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीनं, उलटीच्या नेहमीच्या गोळीच्या जोडीला, पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असं दिसलं नाही, पण चहात आलं किसून घालायला कुणाची परवानगी लागत नाही. प्लेटलेट कमी असतील किंवा ऑपरेशन जवळ आलं असेल तर मात्र आलं-लसणाच्या कॅप्सुला बंद, रक्त वाहतं राहतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध दाबलं तर काहींना मळमळीत आराम पडतो. फुकटचा उपाय आहे, करून बघा. तोंडाच्या फोडांना मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट गुळण्या, दिवसातून पाच-सहा वेळा. टाटापासून तालुक्यापर्यंत सगळे हेच सांगतात. चालणं, हलका योग, प्राणायाम यांनी थकवा उतरतो, झोप लागते. टाटात स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांत योगाची मोठी चाचणीच झाली, आणि त्या सगळ्या बायकांचे नेहमीचे उपचार चालूच होते, हे लक्षात ठेवा. मालीश चालते, पण गाठीवर नाही, रेडिएशनच्या जागी नाही, पाय एकाएकी सुजला असेल तर त्या पायाला मुळीच नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला जोरात चोळणं नाही, डाग नाही, गोंदण नाही.

'जोडीला' आणि 'ऐवजी' यांतलं अंतर किती, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मोजलं. नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण त्यांनी पाहिले. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. हे अपेक्षितच होतं. मला हादरवलं ते त्यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासानं. त्यातली माणसं दोन्ही घेणारी होती, डॉक्टरचंही आणि दुसरंही, तरी त्यांचा धोका दुप्पट. कारण त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांनी केमोला आणि ५३ टक्क्यांनी रेडिएशनला नकार दिला होता. बाकीच्यांत हे प्रमाण २-३ टक्के. जोडीला घेतलेलं हळूहळू ऐवजी होतं. आमच्याकडे ते असं होतं : एक सलाइन झाली, केस गेले, अंगात त्राण नाही. तेवढ्यात आमचूरचा हंगाम येतो किंवा ऊसतोडीला गुजरातेत जायची वेळ येते. काढा सुरूच आहे, बरं वाटतंय, मग पुढची तारीख होळीनंतर बघू.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. भिंती रंगवणाऱ्यांना आणि व्हिडिओ टाकणाऱ्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे पेशंट महिनोन् महिने राहतात. तिथे राहून आलेले नातेवाईक सांगतात, संध्याकाळी स्वयंपाक करता करता औषधांची देवघेव चालते. कुणी पानं देतं, कुणी कुठल्याशा बाबाचा नंबर. त्यात फसवणूक नसते, माया असते. म्हणूनच नाही म्हणता येत नाही.

डॉक्टरांनाही दोन शब्द ऐकवतो. एका मोठ्या दवाखान्यात एका म्हाताऱ्यासमोर त्याची चूर्णाची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली गेली. त्यानं दुसरी आणली आणि ती कमरेच्या गाठीला बांधली. त्यानंतर त्याच्या डॉक्टरला कधीच काही कळलं नाही. असं रागावून बंद होत नाही, लपतं. आमच्या डोंगराळ भागात आरोग्य केंद्रांत आणि भरारी पथकांत बरेच डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. त्यांना गुळवेलही ठाऊक आणि पॅरासिटामॉलही, आणि पाड्यावर त्यांचा शब्द चालतो. कॅन्सरच्या डॉक्टरांनी फाइलमध्ये केमोच्या औषधांची नावं आणि फोन नंबर सुवाच्य लिहिला, तर हे लोक अर्धं काम करतील. पुण्याजवळ वाघोलीला भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टच्या केंद्रात १९९४ पासून कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांना आयुर्वेदाची जोड देण्याचं काम चालतं, तिथे रुग्णाची नोंद ठेवतात. आयुर्वेद घ्यायचाच असेल तर असा घ्यावा : वैद्य शिकलेला, औषधाच्या बाटलीवर नाव आणि परवाना, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता.

पैशांचं बोलायचं राहिलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो, रेडिएशन, ऑपरेशन मोफत होतं. रस आणि पुड्या रोखीनं घ्याव्या लागतात. बकरी विकून रसाच्या बाटल्या आणल्या आणि पुढच्या सलाइनीला सुरतेला जायचं भाडं उरलं नाही, हे मी पाहिलंय. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेच्या स्लीपर डब्यात पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्याचा फॉर्म ठरलेला असतो, त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही आणि दवाखान्याचा शिक्का लागतो. फॉर्मच्या झेरॉक्स मी कॅश काउंटरखालच्या खणात ठेवतो, मागितल्या नाहीत तरी फाइलला टाचून देतो. सही मात्र पहिल्याच भेटीत घ्या, सुट्टी होताना कुणी जागेवर सापडत नाही.